तिसरा पाय

बिल्ला लावताना मनोहररावांच्या हातून टाचणी सदरा ओलांडून माझ्या छातीला टोचली. फार नाही, लाल मुंगी चावते तेवढी. पण तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती, कारण समोर अख्खी रंगाई शेड उभी होती आणि शेड आधीच हसत होती. मनोहरराव म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, नागपूरच्या धरमपेठेत राहणारे. सकाळी पांढरा शर्ट घालून येत आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घरी नेत. रंगाच्या कारखान्यात एवढं जमवायलाही अक्कल लागते. त्यांनी बिल्ला सरळ केला, जरा मागं सरकून भिंतीवरच्या फोटोकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं की आजपासून धोंडबा पराते हे नव्या सुरक्षा समितीवर कामगारांचे प्रतिनिधी. शेडनं टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं की आता एखाद्याचं बोट तुटलं तर धोंडबा त्याला मंगळवारी बाजारात सहा बोटांनी भाजी घेताना पाहिल्याचं सांगेल. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. हसताना छाती हलली आणि टाचणी पुन्हा टोचली.

हसण्यात त्यांची चूक नव्हती. दुपारच्या डब्याच्या वेळी शेडमागच्या कडुनिंबाखाली मी रोज एक गोष्ट सांगत असे आणि तिच्यात खरं म्हणण्यासारखं काही सापडलं तर तो माझाच अपमान समजत असे. धरमपेठेत एका मे महिन्यात टेलिफोनची तार वितळली आणि लोक बोललेले शब्द टपटप रस्त्यावर गळले, एका सासूनं सुनेबद्दल काढलेले उद्गार नेमके सुनेच्याच छत्रीवर पडले, ही माझी गोष्ट. आमच्या खापा गावाला कन्हान नदीतल्या एका मरळीनं माझ्या विणकर बापाचा धोटा गिळला, धागा पोटात घेऊन ती या काठावरून त्या काठावर पोहत राहिली आणि सकाळी उठून पाहतो तर नदीवर लुगडं विणलेलं, काठासकट, हीही गोष्ट माझीच. पलीकडच्या गावची नवरी त्याच लुगड्यावरून चालत सासरी आली आणि तिच्या पायाला पाणी लागलं नाही. नवे लोक विचारत, मग ते लुगडं गेलं कुठं. मी म्हणे, तिनंच नेसलं, तुमच्यासारख्यांना विचारलं असतं तर उघडीच राहिली असती. अशा माणसाच्या छातीवर कंपनीनं बिल्ला लावला होता. मला गंमत वाटायला हवी होती. पण त्या दिवशी कडुनिंबाखाली डबा उघडला तेव्हा भाजीला काही चवच नव्हती आणि गोष्ट सांगायला तोंड उघडलं तर तिचंही तसंच झालं.

भोपाळच्या गॅसनंतर सरकारनं कारखान्यांचा कायदा बदलला होता. जिथं धोक्याचं रसायन, तिथं समिती हवी, समितीत जेवढे कंपनीचे तेवढेच कामगारांचे, आणि कामगाराच्या माणसानं धोका दाखवला तर मॅनेजरनं तो लगेच दूर करायचा, इन्स्पेक्टरला कळवायचं. आमच्याकडे ब्लीचिंगसाठी क्लोरिनचे सिलिंडर होते, म्हणजे कायदा आम्हाला लागू. हे सगळं मनोहररावांनीच समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मनोहरराव वाईट माणूस नव्हते, ते हुशार माणूस होते. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहाच्या आत कंपनीला कायद्याच्या मापाचं करायचं होतं, आणि शनिवारी इन्स्पेक्टर येणार होता. सोमवारपासून शेडमध्ये नुसता रंग उडत होता. जिथं धोका तिथं पिवळा पट्टा. वाळूच्या बादल्या लाल झाल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी पाट्या लागल्या. डोळ्यांत रसायन उडालं तर धुवायला भिंतीवर एक सुरेख कारंजं बसवलं, त्याला नळ जोडायचा तेवढा राहिला. हेल्मेटं आली, रंगाईत डोक्यावर पडण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून लोक त्यांत घरी न्यायच्या कैऱ्या ठेवू लागले. आणि मंगळवारी पेंटर हायड्रोपाशी पोचला.

हायड्रो हे आमच्या शेडमधलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं जनावर. रंगवून धुतलेलं ओलं कापड त्याच्या जाळीच्या पिंपात भरायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. पिंप इतक्या वेगानं फिरतं की कापडातलं पाणी आपणहून बाहेर पळतं. बाई केस पिळते तसं, फक्त ही बाई एखाद्या म्हशीएवढी आणि वेडी. सगळा भार बिडाच्या तीन पायांवर. दोन पाय पुढं, एक मागं भिंतीकडे. तर दरवर्षी खांडेनवमीला आमचा रूपराव मिस्त्री शेडमधल्या सगळ्या मशीनींची पूजा करी. बाकीच्यांना हळदीकुंकवाची बोटं, पण हायड्रोला शेंदूर, कारण कधी काळी तिनं एकाचा हात घेतला होता आणि जे हात घेतं त्याला माणूस शेंदूरच लावतो. शेंदूर लावायचा तो पायाला, मागच्या, तिसऱ्या, कारण पुढचे दोन ओले असत. तेलात कालवलेला शेंदूर, वर्षावर वर्षं, थरावर थर. त्या पायाला आता गुडघा आल्यासारखं झालं होतं. पाळीला आलेला माणूस जाता जाता वाकून त्याला हात लावी आणि तोच हात कपाळाला. मीही लावत असे. लावत नसे तो एकटा नत्थूजी मेश्राम, आणि हायड्रो चालवणारा तोच.

नत्थूजी माझ्या वयाचा, माझ्याच डब्याला बसणारा. छप्पन्न साली आईचा हात धरून तो दीक्षेच्या मैदानावर गेला होता आणि तेव्हापासून त्यानं कुठल्या दगडापुढं मान वाकवली नव्हती, मग बिडापुढं कशाला वाकवेल. खांडेनवमीला पूजा चाले तेव्हा तो बाहेर चहा पीत उभा असे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरे कपडे घालून त्याला दीक्षाभूमीवर जायचं असे. कोणी त्याला काही म्हणत नसे, तोही कोणाला काही म्हणत नसे. पण गेल्या खांडेनवमीला रूपरावानं ताजा शेंदूर थापताना जुन्याची एक खपली सुटली, आणि दारातून पाहणाऱ्या नत्थूजीला खपलीखाली बिडाला गेलेली चीर दिसली. त्याच्या मागं मी होतो, मलाही दिसली. एक काळी रेघ, म्हाताऱ्या बाईच्या टाचेला असते तशी. तेवढ्यात रूपरावाचा हात वरून फिरला आणि शेंदरानं ती भरून काढली. नत्थूजीनं तिथल्या तिथं सांगितलं. रूपराव चिडला नाही, पण पूजेच्या वेळी कोणी शिंकावं तसा थांबला आणि म्हणाला, ''नत्थूजी, तुमाले देवाचं पाहवत नाई, म्हनून तुमाले चिरा दिसते.'' लोक हसले. मी रूपरावाला बाजूला घेऊन सांगितलं की मीही पाहिली, तर लोक आणखीन हसले, आणि एकजण म्हणाला, चिरीतून मरळ तं नाही ना निघाली धोंडबा भाऊ. त्यानंतर नत्थूजी मशीन चालू झाली की भिंतीकडून सरकून पुढच्या बाजूला उभा राही. कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. दुपारी तो एकदाच म्हणाला, ''धोंडबा, मी वाकत नाई म्हनून मायं ऐकत नाई, आन् तू खोटं सांगतं म्हनून तुयं ऐकत नाई. त्या पायाले चांगले साक्षीदार भेटले गा.'' आणि आता मंगळवारी पेंटरनं शेंदरावरून पिवळा रंग फिरवला, पिवळ्यावर काळे पट्टे मारले. तिसरा पाय कायद्यात बसला.

संध्याकाळी सायकलवरून घरी टांडापेठेकडे येताना हिंगणा रोडवर ऊन पाठीवर होतं आणि तरी बिल्ला छातीवर चटके देत होता. काढून खिशात घालावा असं वाटलं, मग वाटलं, का म्हणून. हे 'का म्हणून' कुठून आलं ते मला कळेना. मनोहररावांनी मला का निवडलं हा प्रश्न मी स्वतःला तोवर विचारलाच नव्हता. युनियनच्या दोन गटांचं चौथ्या नावावर जमेना म्हणून मधला माणूस, असं सगळे म्हणत होते. पण पेंटरचा ब्रश पायावरून फिरताना मनोहरराव शेजारी उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावल्यासारखं केलं होतं, आणि त्या डोळ्यात मला अचानक माझा बाप दिसला. बाप खाप्यात खड्ड्याच्या मागावर बसायचा. विणकर वर, पाय खाली जमिनीतल्या खड्ड्यात, पावड्या दाबत. मी लहान असताना खड्ड्याच्या कडेला पालथा पडून राही, म्हणून मला बापाच्या तोंडापेक्षा त्याचे पाय जास्त पाठ. पावसाळ्यात कन्हानचं पाणी जमिनीतून झिरपून खड्ड्यात येई आणि बापाचे पाय दिवसभर ओलीत असत, पांढरे, फुगलेले, भिजवलेल्या हरभऱ्यासारखे. एका वर्षी उजव्या पायाला पावडीचं लाकूड लागलं. त्याला कळलंच नाही, पाय बधिर. मग पाय काळा पडत गेला. शेजारी विचारत, पाय असा काहून दिसते गा. आणि माझा बाप, ज्याच्यापुढं मी म्हणजे मुका माणूस, तो हात हवेत फिरवून सांगे की खड्ड्यात बसून बसून मले मुळं फुटून राहिली, अजून एक पावसाळा थांबा, याच घरात मी वडासारखा उभा राहीन, तुमी सावलीत बसा. अख्खा कोष्टीपुरा हसे. लोक मुळं पाहायला येत आणि हसून जात. पाहायला येत, पण पाय कोणी पाहत नसे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत गुडघ्याखाली ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाप त्यावरही गोष्ट करणार होता. त्यानं सुरुवातसुद्धा केली होती, 'तो पाय मी मुद्दामच नागपुरात पेरून आलो' अशी, पण ती त्याला पुरी करता आली नाही. खड्डा मी बुजवला आणि नागपूरला आलो. मुळांची गोष्ट मात्र कडुनिंबाखाली मी किती तरी वेळा सांगितली, हसवण्यासाठी. ज्याच्यावर माणूस हसतो तिथं वाकून पाहत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मनोहररावांना ते कोणी शिकवलं, देव जाणे; की माझ्याच गोष्टींतून ते शिकले?

कौसल्येनं, म्हणजे माझ्या बायकोनं, बिल्ला पाहिला आणि पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं की यात तुमाले काय करावं लागते. मी सांगितलं, धोका दिसला की सांगायचा. ती पोळी उलटवत म्हणाली, ''मंग बरोबर माणूस निवडला त्याइनं. आंधळ्याच्या हाती कंदील.'' मग मी तिला चीर सांगितली, नत्थूजी सांगितला, पेंटर सांगितला. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. पोळीचा जळका वास सुटला तरी ती माझ्याकडेच पाहत होती, पण तोंडाकडे नाही. मी विचारलं, काय पाहतं वं. तर म्हणाली, ''हात पाहून राहिली. खोटं सांगता तवा तुमचे हात आभायात असते. खरं असलं का दोन्ही हात मांडीखाली दाबून बसता, कोंबडी अंड्यावर बसते तशी.'' मी खाली पाहिलं. हात खरंच मांडीखाली होते. एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई माझं तोंड ऐकतच नव्हती. मला राग यायला हवा होता, पण उलट बरंच वाटलं. कुठं तरी एका ठिकाणी माझी नोंद खरी लागत होती. ती जळकी पोळी स्वतःच्या ताटात घेत म्हणाली, उद्या समितीत जाऊन सांगा. नत्थूजीला काही झालं तर त्याची बायको काही परकी नाही.

बुधवारी समिती बसली. ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या, पंखा, बिस्किटं. कंपनीचे चौघे, कामगारांचे आम्ही चौघे, त्यात तिघं एकमेकांशी न बोलणारे. मनोहररावांनी कामगार प्रतिनिधींना काही सुचवायचं आहे का असं विचारलं, आणि मी खुर्चीत नीट बसलो, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि आयुष्यात प्रथमच एक उघडं, अंगावर काही न घातलेलं वाक्य बोललो. हायड्रोच्या मागच्या पायाला चीर गेली आहे, नत्थूजीनं पाहिली, मी पाहिली, मशीन बंद करा. माझाच आवाज मला परका वाटला, शाळा तपासायला आलेल्या माणसासारखा. मग अकाउंटवाले हसले, मग आमचे तिघं, मग सगळेच. मी बोलून थांबलो होतो हेच त्यांना जास्त विनोदी वाटलं, पुढची गंमत येणार म्हणून ते वाट पाहत होते. मनोहररावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मुद्दाम आमच्या बोलीत, प्रेमानं, विचारलं, ''मंग धोंडबाजी, त्या पायाले मुळं फुटली का नाई अजून?''

मी हसलो नाही. मांडीखालचे हात वेतात रुतले होते, त्यांची नक्षी नंतर दोन दिवस तळव्यावर होती. मनोहरराव बोलत होते ते मला तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं: नवाच रंग दिला आहे; हायड्रो थांबली तर महिन्याचा माल थांबतो; आणि शनिवारी साहेब शेडमध्ये येतील तेव्हा धोंडबाजींनी बरोबर चालायचं, ती मरळीची गोष्ट सांगायची, साहेब पुण्याकडचे आहेत, त्यांना आपल्याकडची मजा कळू द्या. मी हो म्हणालो. बापाचा पाय ज्या हवेत हलका झाला होता तीच हवा त्या खोलीत होती, बिस्किटांच्या वासाची. आणि मला जाणवलं की मला भीती वाटत नाही. एक हट्ट वर चढत होता, खड्ड्यात पाणी चढतं तसा, खालून, आवाज न करता. मुळं माझ्या बापाची होती. त्यांच्यावर हसायचा हक्क मी वाटला होता, विकला नव्हता.

गुरुवारी आणि शुक्रवारी कडुनिंबाखाली मी गोष्ट सांगितली नाही. डबा खाल्ला, पाणी प्यायलो, गप्प बसलो. लोकांनी आधी चेष्टा केली, बिल्ला लागला म्हणून साहेब झाला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी चेष्टाही कमी झाली. पोरंटोरं नाही, चांगली नातवंडांवाली माणसं डबा बंद करून उगाच बसून राहिली, जेवणानंतर पान न मिळालेल्या बैठकीसारखी. रूपराव मिस्त्री जाता जाता विचारून गेला, तब्येत ठीक हाये ना. मला गंमत वाटली. खरं बोललो तेव्हा एकानंही तब्येत विचारली नव्हती. दोन्ही दिवस हायड्रो चालू होती. तिचा आवाज मला दाढांत ऐकू येई, आणि प्रत्येक वेळी पिंप वेग घेऊ लागलं की मी जिथं असेन तिथून नत्थूजीची पाठ शोधे. ती पुढच्या बाजूला दिसली की हातातलं काम पुन्हा धरी.

शनिवारी इन्स्पेक्टर आला. चाळिशीचा, घामाघूम, सभ्य. पाट्या वाचल्या, बादल्या पाहिल्या, कारंज्याचं बटण दाबलं, पाणी आलं नाही तेव्हा मनोहररावांनी आज नळाला पाणी नाही म्हणून सांगितलं. मग सगळा जथा हायड्रोपाशी आला. झाकण नीट लागल्याशिवाय ती चालू होत नाही, ही नवी सोय दाखवायची होती. ओलं कापड भरून तयार होतं, नत्थूजी हिरव्या बटणाशी उभा, आणि आज साहेबांसाठी त्याला मागच्या बाजूला, भिंतीकडे, उभं केलं होतं, पिवळ्या पट्ट्याच्या आत. पाय तुटला तर पिंप त्याच्यावरच येणार, हे पाहून टाचणी न हलताही माझ्या छातीत टोचलं. मनोहरराव म्हणाले, मशीन लावण्याआधी, साहेब, आमच्या धोंडबाजींची एक गोष्ट ऐका, आणि शेड गोळा झाली. दोन दिवसांची भुकेली होती. मी सुरू केलं. मरळीनं धोटा गिळला इथवर सगळे हसू लागले होते, इन्स्पेक्टरही; हसता हसता त्यानं अंग वळवलं आणि त्याची पाठ नेमकी तिसऱ्या पायाकडे झाली. माझे हात हवेत होते. मरळ अर्ध्या नदीत होती. आणि मला दिसलं की हे हात माझे नाहीत, बापाचे आहेत, आणि खाली खड्ड्यात पाय काळा पडतो आहे, आणि सगळं गाव किती आनंदात आहे.

मी थांबलो. मरळीला तिथंच सोडलं. पिवळा पट्टा ओलांडून गेलो आणि ओल्या फरशीवर, तिसऱ्या पायाला पाठ लावून, खाली बसलो. दोन्ही हात मांडीखाली घातले.

लोक हसत राहिले, थोडा वेळ. हा नवा शेवट आहे असं त्यांना वाटलं. मनोहरराव म्हणाले, आता धोंडबाजी मरळ झाले, आणि नत्थूजीला बटण दाबायची खूण केली. पण नत्थूजी माझ्या हातांकडे पाहत होता. त्याची आई गेली त्या दिवशी मी त्याच्या घरी असाच बसलो होतो, हात मांडीखाली, संध्याकाळपर्यंत, एक शब्द न बोलता. ते त्याला आठवलं असावं. त्यानं बटणावरचं बोट उचललं, फडक्याला पुसलं आणि म्हणाला, ''मी नाई चालवत.'' हसू थांबलं. मनोहररावांनी त्याचं नाव घेतलं, मग दुसऱ्यांदा, 'जी' न लावता. तो म्हणाला, ''दुसऱ्याले सांगा. पन त्याले आदी हा पाय दाखवा.'' दुसरा कोणी पुढं आला नाही. इन्स्पेक्टरनं मला विचारलं, काय झालं. मी म्हणालो, पाय फुटला आहे. बस, एवढंच. तो पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला, शेडही राहिली, आणि ते आलं नाही. धोंडबा परात्याच्या तोंडून एवढं छोटं वाक्य त्या शेडनं कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं की पिंपातल्या कापडातून पाणी ठिबकतंय.

रंगावर मनोहरराव बोट ठेवून होते, नवा रंग, साहेब, आत सगळं ठीक आहे. खरवडून पाहा, असं इन्स्पेक्टर म्हणाला तेव्हा कोणी हललं नाही. पिवळ्याखाली शेंदूर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शेंदराला नख लावायचं नसतं. मी लावलं असतं तर गोष्टीवाल्याचा चाळा झाला असता. नत्थूजीनं लावलं असतं तर दुसरंच काही पेटलं असतं, आणि तो ते जाणून हात मागं बांधून उभा होता. तेव्हा रूपराव पुढं आला. मला वाटलं, मला उठवायला आला. तो माझ्या शेजारी बसला, पायावर हात ठेवला, कपाळाला लावला, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, ''देवाचा पाय दुखत असन तं पाहाले पायजे.'' मी पाठ बाजूला केली, आणि कमरेची नट खोलायची किल्ली काढून त्यानं खरवडायला घेतलं. आधी पिवळा गेला, मग केशरी, मग गेल्या कधीतरीचा हिरवा रंग, पुन्हा केशरी. शेंदराच्या खपल्या त्यानं जमिनीवर पडू दिल्या नाहीत, एकेक करून टोपीत गोळा केल्या. मग काळं बीड आलं, आणि त्यात रेघ, अर्ध्या पायाला वळसा घालून गेलेली. इन्स्पेक्टरनं खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि तिच्यात सरकवलं. कार्ड त्याच्या नावापर्यंत आत गेलं.

हायड्रोवर त्याच क्षणी बंदी आली. मनोहररावांना मी या बाबतीत मानतो: इन्स्पेक्टर कार्ड बाहेर काढत होता तोवर ते सावरले होते आणि सांगत होते की आमच्या समितीनंच हा दोष शोधला, बुधवारीच चर्चा झाली, कायदा यालाच तर म्हणतात, साहेब. माझ्याकडे वळून त्यांनी माझा हात धरून मला उठवलं आणि जोरानं हलवला. हात ओला होता. त्यांचा पांढरा शर्ट मनगटापाशी जरासा पिवळा झाला. नत्थूजी त्या दिवशी डबा उघडताना म्हणाला, आता मरळीचं पुढं सांग, नवरी काठावरच उभी हाये. मी म्हणालो, राहू दे उभी, तिले पोहता येते.

वर्ष गेलं. हायड्रो नव्या पायांवर आली, खांडेनवमीला रूपरावानं तिला शेंदूर लावला, पण पायाला नाही, झाकणाला; पाय दिसले पायजे, म्हणाला. बिल्ला माझ्याच छातीवर राहिला, कारण इन्स्पेक्टरच्या अहवालात माझं नाव गेलं होतं. समितीत मी आणखी एक वाक्य बोलू लागलो होतो, तेही तसंच उघडं: ब्लीचिंग खात्यात क्लोरिनचे सिलिंडर आहेत आणि तिथलं मागचं दार, कापडचोरी नको म्हणून, बाहेरून कुलूप लावून बंद असतं, गॅस सुटला तर आतल्या लोकांना समोरच्या एकाच दारातून, सिलिंडरांवरूनच, पळावं लागेल. दर बैठकीला बोलत होतो. मनोहरराव आता हसत नसत. आदरानं मान हलवत आणि 'विचार चालू आहे' म्हणत. ते मान हलवणं म्हणजे त्या हसण्याचंच धुतलेलं कापड होतं.

मार्चमध्ये पुन्हा सुरक्षा सप्ताह आला. या वेळी मांडव, माईक, दुसऱ्या कंपन्यांचे मॅनेजर. बदललेल्या कायद्याशी आमची कंपनी कशी जुळली हे पाहायला ते आले होते. मनोहररावांनी छान भाषण केलं, तिसऱ्या पायाचा किस्सा कसा कामगार आणि व्यवस्थापन यांच्या विश्वासाचा किस्सा आहे ते सांगितलं, आणि म्हणाले की तो त्याच्याच तोंडून ऐका ज्यानं तो घडवला, त्याच्या खास शैलीत. टाळ्या पडल्या. कौसल्येनं सकाळी धुवून दिलेला सदरा होता, बिल्ला मीच लावला होता, टाचणी जागेवर. मी मंचावर चढलो. समोर अख्खी कंपनी, पुढच्या रांगेत पाहुणे, त्यांच्या तोंडावर आधीच हसू तयार. आमच्या मागच्या रांगांतून कोणीतरी ओरडलं, मुळं सांगा धोंडबा भाऊ. ब्लीचिंगवाले उजवीकडे एकत्र बसले होते, आणि त्यांच्या पलीकडे, मांडवाच्या कनातीवरून, त्यांच्या खात्याची मागची भिंत दिसत होती, आणि तिच्यात ते दार, आणि दारावर उन्हात चमकणारं कुलूप.

माईक माझ्या तोंडासमोर आणून ठेवला. मी तो बाजूला केला. मंचाच्या कडेला आलो, पाय खाली सोडून बसलो, खड्ड्याच्या मागावर बसतात तसा, आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. पाहुणे हसले. पण मागं, रांगांमध्ये, हसू आलंच नाही. एक शांतता सुरू झाली, ती पुढं पुढं सरकत पाहुण्यांपर्यंत आली आणि त्यांचंही हसू तिनं पुसलं. मनोहरराव माझ्या हातांकडे पाहत होते; वर्षभरात तेही शिकले होते. मी मान वळवून कुलपाकडे पाहिलं, फक्त पाहिलं. नत्थूजी उठून उभा राहिला. मग टोपी सावरत रूपराव, आणि कमरेची तीच किल्ली चाचपत तो त्या दाराकडे चालू लागला. त्याच्या मागं ब्लीचिंगची सगळी रांग उठली, खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला.

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.